शनिवारचं तेल

आमच्या गल्लीत शनिवार कॅलेंडरात बघावा लागत नसे, तो नाकाला कळायचा. सकाळी भिंतीपलीकडे लोखंडी दाराची कडी वाजायची, कॅन आदळायचे, आणि मग तो वास यायचा. दहा वेळा तळून काळं पडलेल्या तेलाचा वास. भजी, वडे, शेव, मिरच्या, मासळी, सगळ्यांचं मिळून एक गाठोडं. मी नाकाला पदर लावून भिंतीशी जायची आणि ओरडायची, "जिभाऊ, माणसं राहतात हो इथे!" पलीकडून शांत उत्तर यायचं, "मी बी मानूसच शे ना बाई."

आता त्या घराला कुलूप आहे. वास येत नाही. खोटं कशाला बोलू, मला या स्वच्छ हवेचा रागच येतो.

जिभाऊ म्हणजे शहाद्याला लागूनच्या लोणखेड्यातले आमचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. खरं नाव रेशनकार्डावर असेल. गावाला ते जिभाऊच. आयुष्य एस.टी.त मेकॅनिक म्हणून गेलं. उंच, वाकलेले, आणि डाव्या खांद्यावर कायम एक लाल फडकं. तोंड पुसायलाही तेच, हात पुसायलाही तेच, आणि पाहुणा आला तर खुर्ची पुसायलाही तेच. पाहुणे उभेच राहायचे. बोलणं कमी. गाडीच्या आवाजाला मात्र कान असा, की जेवताना मध्येच घास थांबवून म्हणायचे, "धडगावनी बस शे. क्लच गया तिन्हा." मी शाळेत मास्तरीण होते, पोरांवर ओरडण्यात सगळी नोकरी गेली, त्यामुळे आमच्या दोघांत बोलायचं काम माझ्याकडे आणि ऐकायचं त्यांच्याकडे, अशी वाटणी आपोआप झाली होती.

तेलाचं वेड त्यांना म्हातारपणी लागलं, आणि ते लागलं विलासमुळे. विलास हा त्यांचा एकुलता एक मुलगा. जुनी जीप घेऊन धडगाव-मोलगीच्या वाटेवर प्रवासी भरायचा. एका संध्याकाळी ओट्यावर बापलेकांचं चाललं होतं, आणि आमच्या भिंतीला कान असल्यामुळे मला ऐकू आलं.

"आबा, भाडं येस तितलं बठ्ठं डिझेलमाच जास," विलास म्हणत होता. बठ्ठं म्हणजे सगळं. "सुरतले मिलमा काम शे. मी जासू."

जिभाऊंनी फडक्याने हात पुसले. मग म्हणाले, "सुरतले गयेल पोऱ्या परत येस नही. त्याना फोन येस."

आमच्या गल्लीतली निम्मी घरं या एका वाक्यात बसतात. ज्या घरात जावं तिथे टीव्हीवर सुरतहून आणलेली शोभेची फुलं, आणि त्या फुलांखाली बसून फोनची वाट बघणारी आईबापं.

"माले एक वरीस दे," जिभाऊ म्हणाले. "डिझेल मी घरमा करसू."

मी मनात म्हटलं, झालं! म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

पण माणूस हट्टी. मोबाइलवर व्हिडिओ बघ, कॉलेजातल्या प्रयोगशाळेतल्या ओळखीच्या गड्याला विचार, असं करत करत त्यांनी परसात पत्र्याची शेड टाकली आणि वापरलेल्या तेलाचं डिझेल करायला घेतलं. पहिल्या खेपेला डिझेल झालंच नाही, साबण झाला. तेलात पाणी राहून गेलं होतं आणि त्यात कॉस्टिक सोडा पडला. हिरकणवहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्या साबणाने महिनाभर भांडी घासली आणि मलाही एक गोळा दिला. भांडी स्वच्छ निघत, फक्त पोळीला मिरचीभज्याचा वास येई.

त्या दिवसापासून जिभाऊंचं एक वैर ठरलं. पाण्याशी. आलेलं तेल आधी फडक्याने गाळायचं, मग तापवायचं, मग त्यातला थेंब तापल्या तव्यावर टाकून कान लावून बसायचं. तडतडलं की पुन्हा तापवायचं. गप्प राहिलं की ड्रमात. शेडमध्ये तीन निळे ड्रम होते: एक कच्च्या तेलाचा, एक निवळलेल्याचा, आणि तिसरा तयार डिझेलचा. तिसऱ्याला खाली बुडाशी तोटी. झाकणांवर सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या करकचून बांधलेल्या. "तेलले घाई चालस नही बाई," ते म्हणायचे. "त्याले बसू देवानं. आपला आपला गाळ ते खाले सोडी देस. पानी तेवढं त्यानं वैरी." एकदा वळवाचा पाऊस आला तेव्हा मी पाहिलं, हा माणूस स्वतः भिजत उभा आणि एस.टी.तला जुना रेनकोट ड्रमाच्या अंगावर. मी हसून हसून बेजार. "जिभाऊ, त्याला टोपीपण घाला!" म्हटलं. तर त्यांनी खरोखरच टोपी शोधून आणली.

आता हे इतकं तेल येणार कुठून? शहाद्यात आमच्या ओळखीचे एक पारसशेठ आहेत, फरसाणवाले. राजस्थानातून आजोबा आले, तेव्हापासून दुकान. जिभाऊ त्यांच्याकडे कॅन घेऊन गेले तर शेठ म्हणाले, "जिभाऊ, रोज आओगे तो दाम लगेगा. शनिवार को आओ, ऐसेही ले जाओ."

शनिवारी तेल विकत आणू नये, घरात घेऊ नये, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शनिवारी तेल द्यावं. आधी त्यात आपलं तोंड बघावं, चार काळे उडीद आणि एक खिळा टाकावा, म्हणजे आपल्यामागची पीडा तेलाबरोबर जाते. फक्त ते घेणारा कोणीतरी लागतो. पूर्वी शनीची मूर्ती बादलीत घेऊन माणसं फिरायची. हल्ली ती दिसत नाहीत, आणि पीडा तर काही कमी झालेल्या नाहीत. तेव्हा जिभाऊ शनिवारी गेले, शेठजी कढईवर ओणवे झाले, तेलात तोंड बघितलं, उडीद टाकले, खिळा टाकला, आणि सगळं कॅनमध्ये ओतून हात जोडले.

ही बातमी पसरायला किती वेळ? वडेवाले, खाणावळवाले, मग घराघरांतल्या बायका. ज्याला साडेसाती तो शनिवारी जिभाऊंच्या कॅनपाशी. कोणाच्या मुलीचं जमत नाही, कोणाचा खटला चाललाय, कोणाच्या म्हशीने दूध सोडलंय. सगळे वाकून तोंड बघायचे आणि हलके होऊन घरी जायचे. जिभाऊ उडीद गाळून कोंबड्यांना घालायचे आणि खिळे एका डब्यात ठेवायचे. शेडचे उचकटलेले पत्रे पुढे त्याच खिळ्यांनी ठोकलेले. "मन्ही शेड लोकेस्नी साडेसातीवर उभी शे," असं म्हणून ते खांद्यावरच्या फडक्यात हसायचे.

"आणि तुम्हाला काही होत नाही?" मी एकदा विचारलं.

"शनी तेलमा बसस का बाई? तेलमा भज्यास्ना चुरा बसस. तीस वरीस इंजिन खोलात मी. एकबी शनी नही निंघना."

हिरकणवहिनींना मात्र हे पटणारं नव्हतं. गोऱ्या, ठेंगण्या, साध्या, देवभोळ्या बाई. दर शनिवारी त्या देवघरापुढे बसून राहायच्या आणि मग भिंतीशी यायच्या. "बाई, तुम्ही तरी सांगा ना त्यासले. बठ्ठा गावनी पीडा मन्हा पोऱ्यानी गाडीमा जायी ऱ्हायनी."

मी त्यांना चिडवलं, "वहिनी, इंजिनात जळून जाते ती. धूर होतो नुसता." त्या हसल्या नाहीत.

आणि जीप तर मस्त पळत होती! डिझेल काही सगळं घरचं नसायचं, निम्मं पंपावरचं, निम्मं जिभाऊंचं, पण तेवढ्याने विलासचं गाडं रुळावर आलं. जीप गेली की मागे भज्यांचा वास राहायचा. मोलगीच्या बाजाराला जाणारे डोंगरातले लोक म्हणायचे, विलासच्या गाडीत बसलं की उतरल्या उतरल्या भूक लागते. सुरतचं नाव निघेनासं झालं. मुली बघायचं बोलणं सुरू झालं. संध्याकाळी जीप कोपऱ्यावर वळली की जिभाऊ आतून नुसतं म्हणायचे, "उना." म्हणजे आला. आणि वहिनी भाकरी थापायला घ्यायच्या. जिभाऊंना मी सुखात पाहिलं असेल, तर ते त्या एका शब्दापुरतं.

मग ती शनी अमावस्या आली. त्या दिवशी आख्ख्या शहाद्याने तेल दिलं असावं. कॅन ठेवायला ओट्यावर जागा उरली नाही. माणसं रांगेत उभी राहून तोंडं बघून गेली. वहिनी दारातून बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा मला आवडला नव्हता.

पुढचं मला नंतर कळलं, पण इथेच सांगते, घोटाळा नको. दोन दिवसांनी वहिनी बहिणीबरोबर तापीकाठच्या प्रकाशा तीर्थाला गेल्या. तापीत स्नान केलं, महादेवाला बेल-फुलं वाहिली आणि येताना प्रसादाची बेल-फुलं घातलेलं तापीचं पाणी आणलं. तांब्याभर नव्हे, तेलाचाच एक रिकामा कॅन धुऊन तो भरून आणला. जिभाऊ गावात गेले होते. वहिनींनी शेडमध्ये जाऊन तिसऱ्या ड्रमाच्या ट्यूबच्या पट्ट्या सोडल्या, झाकण काढलं, आणि बेल-फुलांसकट ते पाणी आत ओतलं. गावाची पीडा धुतली जावी म्हणून. मग पट्ट्या होत्या तशा बांधून ठेवल्या. साबणाची गोष्ट त्यांनाही माहीत होती; पण ते नळाचं पाणी, आणि ही तापीमाय. त्यांच्या लेखी दोन्ही पाणी एक नव्हतंच.

पाणी तेलाखाली जाऊन बसतं. तोटी बुडाशी. मोलगीच्या बाजाराच्या दिवशी विलासने घाईघाईने तोटीखाली छोटा काळा कॅन धरला, भरला, आणि आत काय आलं हे न बघता टाकीत रिकामा केला.

घाटात चढावर जीप दोनदा खोकली आणि बंद पडली. माणसं, कोंबड्या, पोती, सगळा भार मागे. ब्रेक लागेना. जीप मागे मागे येत डोंगराच्या अंगाला जाऊन आदळली. दुसऱ्या अंगाला दरी होती. कोणी गेलं नाही, एवढी देवाची कृपा. एका म्हाताऱ्याचं डोकं फुटलं, दोन बायांना मुका मार, आणि विलासचा हात मोडला.

त्यानंतर त्या जीपमध्ये कोणी बसेना. ज्यांनी आपली तोंडं बघून तेल दिलं होतं तेच म्हणायला लागले, शनीची गाडी आहे ती. मला इतका संताप आला म्हणून सांगू! दुकानात एकाला मी उभा आडवा झाडला. पण भीतीपुढे कोणाचं काही चालत नाही.

विलासला घरी आणला त्याच्या दुसऱ्या दिवशी जिभाऊ शेडमध्ये बसले आणि तिसऱ्या ड्रमाची तोटी सोडली. मी भिंतीवरून बघत होते. खाली जाळी धरलेली. आधी नुसतं पाणी आलं, नितळ, बरंच. मग जाळीत काहीतरी अडकलं. त्यांनी ते बोटांनी उचललं. झेंडूच्या पाकळ्या आणि एक बेलाचं पान. हिरवंगार होतं अजून, तेलाने चकाकत होतं.

जिभाऊंनी ते पान तळहातावर घेतलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आत वहिनी लेकासाठी शिरा हलवत होत्या, झाऱ्याचा आवाज येत होता. त्यांनी पान फडक्याला पुसलं, शर्टाच्या खिशात ठेवलं, पाकळ्या मुठीत चुरगाळल्या, आणि तेव्हा त्यांना मी दिसले.

"काय झालं हो जिभाऊ?"

"मन्हीच चूक, बाई. झाकन उघडं ऱ्हायनं व्हतं. पावसानं पानी गयं."

पोरांची खोटी कारणं ऐकण्यात माझी सगळी नोकरी गेली आहे. पाऊस पडून महिना झाला होता. आणि हा माणूस तर ड्रमाला रेनकोट घालणारा! मी तोंड उघडलं, आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी ते मिटलं. माझ्या आयुष्यात असं फारसं घडलेलं नाही.

विलासलाही त्यांनी तेच सांगितलं. तो ओरडला ते सगळ्या गल्लीने ऐकलं. "तुम्हीच म्हनतस ना आबा, पानी म्हंजे वैरी! आनि तुम्हीच झाकन उघडं ठेवं? मन्हा हातना, मन्ही गाडीना तुम्ही सत्यानास करा!" जिभाऊ खाली मान घालून म्हणाले, "हां. चुकनं मन्हं."

हात जुळल्यावर विलास सुरतला गेला. निघताना आईच्या पाया पडला, मलाही वाकून नमस्कार केला. बाप फाटकाशी उभा होता, त्याच्या शेजारून पिशवी सांभाळत तसाच गेला. जिभाऊंनी हात पुढे केला होता, पिशवी घ्यायला की आणखी कशाला, देव जाणे. तो हात त्यांनी फडक्याला पुसला.

मला राहवलं नाही. वहिनी आत गेल्यावर मी म्हटलं, "खरं सांगायचं होतं त्याला. पोरगा तोंड फिरवून गेला की हो तुमच्यावर!"

"जावानाच व्हता तो आते," जिभाऊ म्हणाले. "बापवर राग धरीसन पोऱ्या जास, त्यानं काय इतलं! मायवर राग धरा, ते परत येवाले घरच ऱ्हास नही."

मी घरात आले आणि भांडी आपटत बसले.

आणि वहिनी! त्यांना काही कळलंच नव्हतं. एका दुपारी अंगणात मिरच्यांची देठं खुडत बसलो होतो तेव्हा त्यांनी आपण होऊन मला सगळं सांगितलं. आनंदाने. "बाई, तुमले म्हनीसन सांगस. मी तापीमायनं पानी त्या ड्रममा टाकं व्हतं. म्हनीसन मन्हा पोऱ्या वाचना. नही ते गाडी दरीमा जाती!" असं म्हणून त्यांनी प्रकाशाच्या दिशेला हात जोडले. जिभाऊ तिथेच पलीकडे तेल गाळत बसले होते. त्यांचा हात थांबला. माझाही. मग त्यांनी फडकं पिळलं आणि म्हणाले, "हां. ते बी शे." पुढे गाळत राहिले. वहिनींचा चेहरा त्या दिवशी इतका निवांत होता की मला रडू आलं. मिरच्यांवर ढकललं.

डिझेल करणं त्यांनी सोडलं. जीप परसात ताडपत्रीखाली उभी. पण शनिवारी तेल आणणं चालूच. आता ते नुसतं साठायचं. गाळायचं, तापवायचं, तव्यावर थेंब टाकून कान लावायचा, ड्रमात भरायचं, झाकण बांधायचं. तीन ड्रमांचे पाच झाले. मी भांडले, "कशासाठी हो हे आता?" तर म्हणाले, "पोऱ्या येई तव्हय लागी." थोड्या वेळाने म्हणाले, "आनि लोके शनवारले वाट देखतस. मी नही गऊ, ते त्या कोनले देतीन?"

विलास दिवाळीला आला तो ओळखू येईना. कापड रंगवायच्या खात्यात काम, सगळा दिवस वाफेत आणि रसायनांत. गळ्याची हाडं वर आलेली, बोलता बोलता खोकला. सुट्टी संपायच्या आधीच परत गेला. बापाशी चार शब्द बोलला तेवढेच, तेही जीप विकून टाका म्हणायला. मग पावसाळ्यात फोन आला, छातीत पाणी झालंय, दवाखान्यात ठेवलंय. वहिनी त्याच रात्रीच्या गाडीने गेल्या. जिभाऊ मागे राहिले, कारण विलासने आईला एकटीलाच बोलावलं होतं.

महिनाभर माणूस घरात एकटा. मी भाजी द्यायची. डबा धुऊन परत यायचा, त्याला तेलाचा वास. मग वहिनींचा फोन आला. पोरगा घरी यायच्या अवस्थेत नाही, डॉक्टर हलवू देत नाहीत, तुम्हीच या, आता खोली घेऊन इथेच राहावं लागेल. आणि एक गोष्ट त्यांनी सांगितली ती जिभाऊंनी मला दोनदा सांगितली. विलासने विचारलं होतं, "आबा कव्हय येनार?"

ते निघाले त्या दिवशी शनिवार होता. कॅन घेऊन बाहेर पडले नाहीत. कुलूप लावल्याचा आवाज मी ऐकला, आणि थोड्या वेळाने ते माझ्या फाटकाशी उभे. काखेत पिशवी, खांद्यावर फडकं, आणि हातात स्टीलची वाटी. वाटीत तेल होतं, निवळून सोन्यासारखं झालेलं. आत चार काळे उडीद आणि एक खिळा.

मला आधी वाटलं थट्टा करताहेत. मी म्हणणारच होते काहीतरी.

"बाई," ते म्हणाले, "बठ्ठास्नं मी लिधं. मन्हं कोन ली?"

कोण घेणार? आमच्या घरातही शनिवारी तेल आत येत नाही. सासूबाईंपासूनची चाल आहे, आणि शाळेत विज्ञान शिकवत असतानाही मी ती मोडलेली नव्हती. तरी मी दोन्ही हात पुढे केले आणि म्हटलं, "आणा इकडे."

त्यांनी वाटी माझ्या हातात दिली आणि वाकले. मग मध्येच थांबले. तेलावर त्यांची सावली होती, तोंड अजून आलं नव्हतं.

"तोंड ज्यानं त्यानं देखनं पडस," ते हळू म्हणाले. "पोऱ्या ते तठे नळ्या लायीसन पडेल शे." लाल फडक्याने त्यांनी डोळे पुसले. मला त्या दिवसापर्यंत त्यांनी खरा प्रश्न असा विचारलाच नव्हता, सगळे प्रश्न मीच विचारायची. "बापनं तोंड चाली ना, बाई?"

"चालेल," मी म्हणाले. "न चालायला काय झालं? तुमच्यावरच गेलाय तो."

ते वाकले आणि बघत राहिले. माझे हात भरून आले पण मी वाटी हलू दिली नाही. मग ते सरळ झाले, मला हात जोडले, आणि पिशवी सावरत शहाद्याच्या रस्त्याला लागले. कोपऱ्यावर एक जीप वळली, तिच्या आवाजाला ते क्षणभर थांबले, आणि पुढे गेले.

मी वाटी घेऊन घरात आले. आत नेताना मान वर ठेवली होती. त्या तेलात माझं तोंड पडायला नको होतं.